आवरणाखालचे दव

१० जून १९९०, रविवार

गाडी आज सुरू झाली नाही.

सहदेव, मंदाकिनीचा धाकटा भाऊ, गेल्या दिवाळीपासून दर रविवारी ठाकुर्लीहून येतो आणि इंजिन दहा मिनिटे चालवून जातो. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. गाडी तिची, ती चालवी, मी शेजारी बसे. हिवाळ्यात, उन्हाळ्यात एकाही रविवारी तक्रार नाही. दोन दिवस पाऊस लागला आणि आज पुन्हा तेच! सेल्फ फिरतो, इंजिन घरघरते, पेट मात्र घेत नाही. तोच आवाज. गेल्या वर्षीच्या बारा जुलैचा.

सहदेव म्हणाला, "भाऊजी, काढून टाका आता. आमच्या ऑफिसातले एक जण घ्यायला तयार आहेत. रोज तिच्याकडे बघत बसायचं, आवरण घालायचं, काढायचं... कशासाठी?"

मी म्हणालो, विकीन. आधी कारण कळले पाहिजे.

"कसलं कारण?"

मी चहाचा कप आत नेऊन ठेवला.

११ जून

त्याला जे सांगितले नाही ते येथे लिहितो.

१२ जुलै १९८९. सकाळी सव्वासहाला मंदाकिनीने मला हलवून जागे केले. छातीत कळ, डावा हात जड. टेलिफोन पावसाने मृत. ती म्हणाली, "गाडीनं जाऊ. पाच मिनिटांचा रस्ता. चालवीन मी." मी धावत जाऊन आवरण काढले. ती स्टिअरिंगच्या चाकामागे बसली. किल्ली फिरवली. सात वेळा. मी मोजले, कारण मोजण्यापलीकडे मला काही येत नव्हते! मग ती म्हणाली, "तुम्ही रिक्षा बघा. छत्री घ्या."

रिक्षा मिळण्यास बत्तीस मिनिटे लागली. परतलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. हात चाकावर. दवाखान्यात डॉक्टर इतकेच म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य अर्धवट ठेवले. ते वाक्य मी वर्षभर पूर्ण करीत आहे.

पाच मिनिटांचा रस्ता. त्या सकाळी गाडी का सुरू झाली नाही? मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. अठ्ठावीस वर्षे विद्युतशास्त्र शिकवतो. हे मला ठाऊक नाही!

१२ जून

गाडीच्या कप्प्यात तिच्या अक्षरातील चिठ्ठी सापडली. "गोमाजी, कोपरी, खाडीच्या वाटेवर. पावसातले काम यांचेच." पोस्टकार्ड टाकले.

१४ जून, गुरुवार

गोमाजी आला. सायकलवरून, हँडलला पत्र्याची पेटी. पंचेचाळिशीचा, काळा, काटक. खोपटच्या एस.टी. डेपोत अठरा वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले. आता कोपरीत घरापुढेच दुकान. दुपारचे लख्ख ऊन. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू!

"सर, ही तर ठणठणीत हाय!"

मी ओशाळलो. म्हणालो, रविवारी सकाळी सुरू होत नव्हती, माझ्याजवळ साक्षीदार आहे.

तो हसला. "साक्षीदार कशाला? हिचं दुखनं सकाळचं हाय. उनात पोरगी हसती-खेळती, आता डाक्टरनं बघायचं काय? ज्या सकाळी पाऊस लागंल ना, तवा येतो. हात लावू नका, पुसू नका. आजारी हाय तशी मना दाखवा."

हे मला विलक्षण शास्त्रशुद्ध वाटले. दोष दूर करण्यापूर्वी तो प्रकट होऊ द्यायचा!

जाताना त्याने अंगणातील आवरण पाहिले. मी माहिती दिली: जाड प्लास्टिक, अकरा तुकडे, दुहेरी शिवण, १९८३ साली मी स्वतः मापे घेऊन तीन रविवार बसून शिवले, कडा जमिनीला टेकतात आणि भोवती विटा ठेवल्या की आत वाऱ्याची झुळूकसुद्धा जात नाही. त्याने शिवणीवरून बोट फिरवले. "शिवन झकास हाय," म्हणाला आणि सायकलीकडे वळला.

मी विचारले, बाईंना ओळखत होता?

"आलेल्या एकदोनदा कोपरीला."

१७ जून, रविवार

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे. 

पहाटेपासून पाऊस. गोमाजी साडेसहाला हजर! डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, काखेत काळी घोंगडी. सहदेवही लवकर आला होता. मी आवरण काढले. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. गोमाजीचा चेहरा उजळला. "आता कशी सापडली!"

प्रथम त्याने मला चाकामागे बसवले. "सर, सांगीन तवा सेल्फ मारा." अकरा वर्षांत त्या आसनावर मी आज प्रथम बसलो. आसन पुढे ओढलेले होते, तिच्या उंचीप्रमाणे. माझे गुडघे चाकाला लागले. मी आसन मागे सरकवले नाही.

त्याची रीत अशी. कॉइलमधून निघणारी जाड वायर काढून तिचे टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरले, मी किल्ली फिरवली, टच्! लठ्ठ, पांढरट-निळी ठिणगी. "कॉइल चांगली. करंट घरातनं निघतोय. आता बघायचं, दारात पोचतो का." मग एका प्लगची वायर काढून तसेच धरले. ठिणगी नाही. पुन्हा. नाही. "निघाला पन पोचला नाय. म्हंजे वाटेत गळतोय. या तुमी हिकडं. सहदेवभाऊ, तुमी सेल्फ मारा."

आणि त्याने मला बॉनेटखाली वाकायला लावून माझ्या डोक्यावरून ती घोंगडी टाकली. स्वतःही आत शिरला. जुन्या काळचे छायाचित्रकार शिरत तसे. आत संपूर्ण काळोख. ओल्या लोकरीचा आणि तेलाचा वास. घोंगडीवर पावसाचे थेंब.

"बघा आता. बोलू नका. बोट लावू नका."

बाहेर सेल्फ फिरला.

मी जे पाहिले त्याला मी कोणता शब्द वापरू? अंधारात निळे तंतू उमटले. डेल्को म्हणतात त्या भांड्याच्या काळ्या टोपीवरून (हेच भांडे कॉइलची वीज एकेका प्लगला वाटून देते) कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशी निळी आग सरपटत होती. वायरांच्या अंगावरून, थेंबाथेंबावरून, एक विझते तो दुसरी. अगदी हलका चटचट आवाज. दहा-पंधरा हजार व्होल्ट, आणि इतके नाजूक! प्रयोगशाळेत मी मुलांना ठिणगी दाखवतो. परंतु ती मी बोलावलेली ठिणगी असते. ही आपण होऊन वाट शोधीत होती. आपण तिच्यासाठी तांब्याची सोपी वाट आखली, आणि तिला पाण्याची त्याहून सोपी वाट सापडली.

मी म्हणालो, "सुंदर आहे." इतकेच सुचले.

काळोखात गोमाजी म्हणाला, "सुंदर हायच. खाडीत आवसंला वल्हं मारलं की पानी असंच पेटतं. पन सर, हा समदा करंट प्लगात जायाला पायजे व्हता."

सुंदर, आणि तेच कारण! त्या सकाळी ती किल्ली फिरवीत होती तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर, बंद बॉनेटखाली, हेच चालले होते. सात वेळा.

आणखी एक गोष्ट. गरम झालेल्या त्या टोपीचा वास — जळकट, किंचित गोड — मला परिचयाचा वाटला. कोठला, ते आठवत नाही.

टोपी आणि वायरा कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी सुरू झाली.

१८ जून

वर्गात आज विद्युत्प्रभार शिकवताना मध्येच थांबलो. मग फळ्यावर डेल्कोच्या टोपीची आकृती काढली.

२० जून

गोमाजीने वायरा बदलल्या, टोपीही बदलली. जुन्या टोपीच्या आत पांढऱ्या कागदावर शाईचे मूळ पसरावे तशी काळी रेघ. "करंटनं पाडलेली पायवाट," तो म्हणाला. ती टोपी मी लिहिण्याच्या मेजावर ठेवली आहे.

म्हणजे कारण कळले. झिजलेली टोपी, वाईट नशीब. कोणाचाही दोष नाही. सहदेवला तसे पत्र लिहिण्यास हरकत नाही.

२३ जून, शनिवार

सुरू झाली नाही! नवी टोपी, नव्या वायरा, आणि सुरू झाली नाही. किल्ली आता मीच फिरवतो.

गोमाजीला निरोप धाडला. त्याने दोन चिमटे सोडून टोपी काढली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. आतून बारीक थेंब. पहाटेच्या गवतावर असतात तसे, सारखे, गोल, एकाला एक न लागलेले.

"काल सांजपासनं पाऊस नाय," तो म्हणाला.

खरेच नव्हता. आवरणही घट्ट होते. विटा जागच्या जागी. आत पाणी आले कोठून?

गोमाजी कान खाजवीत उभा राहिला. मग म्हणाला, "मना नाय सांगता येत, सर. उद्या माज्या घरी या. आयला भेटा."

"तुमच्या आईंना वायरिंग कळते?"

"आयला बोंबील कळतात."

मी मासे खात नाही असे सांगितले.

"खायाला कोन बोलवतंय? बघाया या!"

२४ जून, रविवार

कोपरीला जाऊन आलो. लिहिताना प्रथमच स्वतःच्या पदवीची लाज वाटते.

गोमाजीची आई, आवडाबाई, सत्तरीच्या, ओसरीवर सुक्या बोंबलांचा ढीग निवडीत बसलेल्या. मला त्यांनी पाटावर बसवले. "बस रं मास्तर. वास येतो म्हनून नाक मुरडू नको, तुज्या गाडीलाबी वास येतो." गोमाजी दारात टेकून उभा. 

सुकी मासळी पावसाळ्यात कशी टिकवतात, हे त्या सांगू लागल्या. मी शिष्टाचार म्हणून ऐकत होतो. त्यांच्या नव्या सुनेने म्हणे गेल्या वर्षी बोंबील 'पावसात भिजू नयेत' म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवले.

"वरनं एक थेंब नाय गेला. आनि आठ दिसांनी उघडलं तं आतनं चिंब! समदा माल बुरसला. मी बोलले, अगं येडे, पाऊस वरनं पडतो तो दिसतो. खालनं येतो तो कोन बघनार? भुई रातभर वाफ सोडते. वारा असला तं घेऊन जातो. तू वारा कोंडलास. मग ती वाफ जानार कुटं? पहाटंचं गार पडलं का बसली मालावर. पिलाष्टिकखाली समदं घामतं. गोनपाट घाल, खालनं फट ठेव. भिजू दे जरा, पन वारा लागू दे."

मी पाटावरून उठलो. बहुधा निरोपही घेतला नाही.

दवबिंदू! दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम, प्रकरण सहावे. थंड पृष्ठभागाजवळ कोंडलेली हवा संपृक्त होते आणि तिच्यातील बाष्प पृष्ठभागावर बसते. अठ्ठावीस वर्षे हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आहे. संध्याकाळी मंदाकिनी परतली की गाडीच्या उबेसकट, खालच्या ओल्या मातीसकट, मी ती झाकीत असे. विटा ठेवीत असे. झुळूकसुद्धा जाऊ नये म्हणून!

२५ जून

महाविद्यालयातून तापमापक व आर्द्रतामापक आणले. अनुमान पुरेसे नाही. प्रयोग झाला पाहिजे.

२६ जून

आवरण घालून, विटांसह. पहाटे आतील हवा संपृक्त. टोपीत दव. गाडी सुरू झाली नाही.

२७ जून

आवरणाशिवाय, टपावर व बॉनेटवर केवळ गोणपाट. सारी रात्र पाऊस. टोपी आतून कोरडी. गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू.

२८ जून

पुन्हा आवरण. दव. सुरू झाली नाही.

२९ जून

मी केले.

१ जुलै, रविवार

वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे आज झाले. सहदेव आणि त्याची पत्नी होती. पानावर पुरणाची पोळी होती, तिला आवडे.

सहदेवला सांगितले की गाडी घेऊन जा. बारा तारखेला त्या गृहस्थांना आण. कारण कळले आहे.

"काय निघालं?"

"हयगय."

"मेकॅनिकची?"

मी मान हलवली नाही, डोलावलीही नाही. भ्याडपणा.

३ जुलै

एक गोष्ट जुळत नाही.

निष्कर्ष सर्व निरीक्षणांशी जुळला पाहिजे, एखाद्याशी नव्हे. मुलांच्या वह्यांवर मी हेच तांबड्या शाईने लिहितो. आवरण मी शिवले १९८३ मध्ये. ते १९८३ ते १९८९ असे सात पावसाळे रोज गाडीवर होते. त्या सात पावसाळ्यांत गाडी किती सकाळी सुरू झाली नाही? १९८३ च्या पहिल्या दोन-तीन सकाळी आणि तो बारा जुलै सोडला, तर एकाही नाही! आळीत इतरांच्या गाड्या ढकलाव्या लागत, आणि आमची साडेआठला पहिल्या किल्लीत सुरू होई. मी आवरण काढून घडी घाली, ती किल्ली फिरवी, आणि मी दर वेळी म्हणे, "पाहिलेस? आवरणाचा गुण." ती म्हणे, "हो ना."

सात पावसाळे दव पडत होते. मग गाडी सुरू कशी होत होती?

४ जुलै

संध्याकाळी कोपरीला गेलो. गोमाजी एका टेम्पोखाली झोपून काम करीत होता. मी उभ्यानेच प्रश्न विचारला. त्याने पान्याचे दोन फेरे मारले. मग खालूनच म्हणाला, "सर, तुमी हुशार हाव. मना वाटलेलं चार दिस आधी येशाल."

बाहेर येऊन हात पुसले.

"मना पयल्यापासनं ठाव व्हतं. त्र्याऐंशीच्या पावसात बाई आल्यावत्या. सकाळी गाडी चालू व्हत नाय म्हनून. मी येऊन बघितलं, तुमी कालिजात व्हता. दोन मिनटात कळलं. मी बोललो, बाई, ते प्लास्टिक फेका. गाडी उघडी ठेवा, भिजू द्या. बाई बोलल्या, नाय."

"का?"

"बोलल्या, गोमाजीभाऊ, वीस वर्सांत ह्यांना पुस्तक सोडून दुसरं काय हातात धरताना मी बघितलं नव्हतं. तीन रविवार आमी दोगं अंगनात बसलो. ते शिवत व्हते, मी सुई ववून देत व्हते. मधीच हसायचे. ते आवरन मी नाय फेकनार. दुसरा उपाय सांगा."

 टायरवर बसलो.

"मग मी टोपी सुकवायला शिकवली. दोन चिमटे, टोपी हातात. तवा तापवायचा, ग्यास बंद करायचा, वर फडक्याची घडी, त्याच्यावर टोपी पालथी. पाच मिनटं. हाताला ऊब सोसंल इतकीच. मग गरम-गरम परत बसवायची, म्हंजे आत दव धरत नाय. बाई रोज पावनेसहाला उठायच्या. तुमी उठायच्या आत आवरन पुढनं उचलायचं, टोपी काढायची, सुकवायची, बसवायची, परत आवरन खाली, परत विटा. मग साडेआठला तुमी काढायचे."

मी विचारले, हे पहिल्या दिवशीच मला का सांगितले नाही?

"शपथ घातली व्हती. माज्या पोरांची. आता बाई नाय तरी पोरं हायत ना! मी वायरा बदलून बघितल्या, वाटलं तेवढ्यावर भागंल. नाय भागलं. म्हनून तुमाला आयकडं नेलं." तो ओशाळवाणे हसला. "मी नाय सांगितलं हां, सर. आयनं सांगितलं."

५ जुलै

तो वास! मेजावरची जुनी टोपी तव्यावर धरून पाहिली. जळकट, किंचित गोड.

पावसाळ्यात सकाळच्या पोळीला येई तो. मी एकदा ताट सरकवून म्हणालो होतो, "पोळीला यंत्राचा वास येतो. तवा नीट घासत जा." ती म्हणाली, "पावसाळा आहे हो. सगळ्यालाच वास येतो." आणि नवी पोळी केली.

ओट्याच्या खणात एका फडक्यावर तपकिरी वर्तुळे आहेत. एकात एक. मी ती गंजाची समजत होतो.

७ जुलै

एका पावसाळ्यात सुमारे शंभर सकाळी. सहा पूर्ण पावसाळे, सातव्याचा महिना. सहाशेहून अधिक वेळा! गुणाकार करतो आणि पुन्हा करतो. उत्तर तेच येते, विश्वास मात्र बसत नाही.

८ जुलै, रविवार

पण राग येतो. आज दिवसभर आला. सहदेवशीही नीट बोललो नाही. एक वाक्य पुरेसे होते: "अहो, तुमच्या आवरणामुळे दव पडते." मी तीच शिकवणी देतो! मला समजले असते. मी काय इतका काचेचा होतो? आणि त्या सकाळी, छातीत कळ येत असता, चाकामागे बसून, तरी सांगितले नाही. "टोपी पुसा" — दोन शब्द! ती झोपून राहिली असेल. बरे वाटत नसल्याने त्या दिवशी उठवले नसेल तिच्याने. एक दिवस ती उठली नाही, आणि माझे आवरण उघडे पडले.

मला सांगण्यायोग्य समजले नाही तिने. हे मला गाडीपेक्षा अधिक लागते.

१० जुलै

गोमाजी काही न कळवता आला. गुरुवारी गाडी जाणार हे त्याला ठाऊक आहे.

"विकताय?"

"होय."

त्याने बॉनेट उघडले. "मग टोपी काढायला शिकून तरी घ्या. सात वर्स घरात चाललेलं काम, घरच्या मानसाला येऊ नये?"

दोन चिमटे. डावा आधी, कारण उजवा कडक आहे. पहिल्या वेळी बोट चिमटले. तिसऱ्या वेळी टोपी अलगद हातात आली. इतकी हलकी! आतील चार पितळी खुंट्या चकाकत होत्या. बाईंना किती दिवस लागले, मी विचारले.

"पयल्याच दिवशी जमलं. तुमी जड हाताचे हाव." आणि जाता जाता, "बाई एकदा बोलल्या व्हत्या. तवा तापतो तेवड्यात अंगनात उभी राहाते, गोमाजीभाऊ. पाऊस बघते. ते झोपलेले असतात. तेवडा येळ गाडी माजी, पाऊस माजा."

 

१२ जुलै १९९०, गुरुवार. सकाळ, सहा वाजून दहा मिनिटे. पाऊस.

पावणेसहाला उठलो. सहदेव नऊला येणार. त्यापूर्वी गेल्या वर्षीची रोजनिशी काढली. त्या दिवसानंतर ती उघडली नव्हती. आजच्या तारखेखाली माझ्याच अक्षरात दोन ओळी आहेत. त्या दिवशी दुसरे काहीच लिहिता आले नव्हते.

"सकाळी आवरण काढण्यास गेलो तेव्हा पुढील दोन विटा आधीच बाजूस ठेवलेल्या होत्या. शेजारणीने सांगितले, स्वयंपाकघरात गॅस चालू राहिला होता. तवा रिकामा तापत होता, तिने बंद केला."

म्हणजे ती रोजच्याप्रमाणे पावणेसहाला उठली होती. विटा काढल्या, तवा ठेवला, टोपी हाती येण्यापूर्वी कळ आली, आणि मला सव्वासहाला जागे केले.

तवा तापला आहे. गॅस बंद केला. फडक्याची घडी, वर टोपी. आवरण कालपासून नाही, टोपी कोरडीच होती. तरीही पाच मिनिटे. मी अंगणात उभा आहे आणि वही भिजत आहे.

सहदेवला सांगेन, गाडी विकायची नाही.